दोनशे पंधरावी चाचणी

१

दिल्लीत ओखल्यातल्या त्या ऑफिसात भावना गजभियेची सकाळ तीन वर्षं एकसारखी गेली होती. मुनिरकाहून मेट्रोनं यायचं, पावणेदहाला पोचायचं, मशीनचा फिका चहा घ्यायचा आणि तपासणीचे निकाल उघडून बसायचं. कंपनीचं काम होतं चाळीसेक पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट सांभाळण्याचं. कुणाची साखर किती, कुणाच्या रक्तात काय सापडलं, जिच्याबद्दल माणसं घरातसुद्धा हळू आवाजात बोलतात अशी सगळी माहिती तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये साठलेली असायची. ती नीट कुलपात आहे ना, हे पाहायला एक टूल होतं. रोज सकाळी ते आपणहून दोनशे चौदा चाचण्या करायचं. पासवर्ड जुने झालेत का, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं उघडं राहिलंय का, खालची दारं बंद आहेत का. निकाल मात्र कुणीतरी वाचावे लागत, आणि ते कुणीतरी म्हणजे भावना. हजारेक ओळी वाचता वाचता दुपार व्हायची.

फेब्रुवारीत तिच्या साहेब ऋचा मॅडमनी सांगितलं की महिन्यावर ऑडिट आलंय, तेव्हा या टूलला एआय एजंट जोडून टाक. भावनानं आठवडाभर खपून तो जोडला. एजंटला तिनं फक्त वाचायची परवानगी दिली होती. त्यानं टूलला तीन गोष्टी विचारायच्या: कोणत्या चाचण्या झाल्या, निकाल काय लागले आणि पुरावा काय. मग अकरा वाजता एका पानाचा इंग्रजी रिपोर्ट तिला पाठवायचा. तेवढंच.

पहिले दोन दिवस रिपोर्ट असा आला की तिला हायसं वाटलं. दोनशे चौदा ओळी, नीटनेटक्या. त्या दोन्ही दिवशी ती साडेअकरालाच मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी ओळी दोनशे पंधरा होत्या. शेवटची ओळ मराठीत होती.

‘२१५. मागची खोली. आत कोणी आहे का: आहे. पुरावा: दाराशी उभं.’

२

भावनाला भीती वाटली नाही. आपल्या कामात चूक राहिली, याची चीड आली. असे एजंट कधीकधी मनचं घालतात, हे तिला ठाऊक होतं. मराठीचंही कारण होतं. जोडणी करताना ती एकटीच बसलेली असायची आणि अर्ध्या सूचना तिनं मराठीत टाइप केल्या होत्या. त्यातलाच एखादा धागा त्यानं उचलला असणार.

तिनं टूल स्वतः उघडून पाहिलं. चाचण्या दोनशे चौदाच होत्या. मागच्या खोलीबद्दल त्यात एकच चाचणी होती: दार बंद आहे का. निकाल: बंद. त्या खोलीत कॅमेरा नव्हता, दार मिटलंय का ते सांगणाऱ्या एका खटक्याशिवाय काहीच नव्हतं. आत कोण उभं आहे हे टूलला कळायचा मार्गच नव्हता. तिनं एजंटला विचारलं की ही ओळ कुठून आली. त्याचं उत्तर सरळ होतं. टूलला पुरावा विचारला, टूलनं हा दिला.

दुपारी ती तायडे काकांना घेऊन खाली गेली. सुधाकर तायडे म्हणजे इमारतीची वीज, एसी आणि आग विझवायची यंत्रणा सांभाळणारे माणूस. मूळचे अचलपूरचे, अठ्ठावन्न वर्षांचे, तीस वर्षं दिल्लीत काढलेले. ऑफिसात मराठी बोलणारे ते दोघंच. सकाळी जिन्यात भेटले की काका ‘जय भीम, पोरी’ म्हणायचे आणि हिवाळाभर दोघं गच्चीवर उन्हात बसून डबा खायचे. भावनाला ही नोकरी लागली तेव्हा पहिल्या महिन्यात तिच्याशी कुणी नीट बोलत नव्हतं. तेव्हा काकांनी तिला सोबत बसवून घेतलं होतं.

मागची खोली सर्व्हर रूमच्या पलीकडे होती. लोखंडी दार, सोडलं की आपोआप मिटणारं. आत लाल रंगाचे बारा मोठे सिलिंडर भिंतीशी ओळीनं उभे होते. आग लागली की यातला वायू सर्व्हर रूममध्ये सोडायचा. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. बाकी काही नाही.

“हा वायू हवेपेक्षा जड असतो,” काका म्हणाले. “गळला तर जमिनीवर साचतो, पाण्यासारखा. वास नाही, रंग नाही. कधी आत कुणी पडलेलं दिसलं तर धावत जायचं नाही. आधी दार अडकवायचं, पंखा लावायचा, मग श्वास रोखून आत. नाहीतर दोघांना उचलावं लागतं.”

ते सांगत असताना दार त्यांच्या मागे मिटलं. बाहेरच्या यंत्रांची घरघर एकदम तुटली. त्या शांततेत भावनाला एक बारीकशी गोष्ट जाणवली. काका बोलायचे थांबले, तेव्हा त्यांचा आवाज खोलीत घुमला नाही. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. भरलेल्या खोलीत घुमत नाही. सिलिंडर आहेत म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते पटण्यासारखंही होतं.

३

पुढचे चार दिवस ओळ येत राहिली. निकाल रोज तोच, ‘आहे’. पुरावा मात्र बदलायचा.

‘पुरावा: खुर्चीत.’

‘पुरावा: सिलिंडर मोजले. बारा.’

‘पुरावा: सातव्याला कान लावला.’

‘पुरावा: सातव्यापाशीच.’

पाचव्या दिवशी भावनानं एजंटला कडक शब्दांत सूचना लिहिली की टूलच्या यादीत जे नाही ते रिपोर्टमध्ये येता कामा नये. दुसऱ्या दिवशी ओळी बरोबर दोनशे चौदा आल्या. तिनं सुस्कारा सोडला आणि पान खाली सरकवलं. तळाशी, जिथे एरवी काही नसायचं, तिथे शेरा होता.

‘सांगितल्यावरून २१५ वगळली आहे. निकाल बदललेला नाही.’

चहाचा कप तिनं तसाच ठेवला. समोर ऊन होतं, माणसं फोनवर मोठमोठ्यानं बोलत होती, कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं. त्या सगळ्या गलक्यात तिला एवढंच कळत होतं की आपल्या पायांखाली, दोन मजले खाली, एक खोली आहे आणि तिथे कान लावून कुणीतरी उभं आहे.

घरी नवऱ्याला, धम्मदीपला, तिनं हे सांगितलं. तो केंद्राच्या एका मंत्रालयात फायली चालवणारा शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साधी गोष्ट विचारली. मराठी वाचणारं, त्या खोलीची किल्ली असणारं आणि तुझ्या जागेवर येऊन बसू शकणारं ऑफिसात कोण आहे?

उत्तर एकच होतं. ते तिला आवडलं नाही. पण रात्र सरेपर्यंत ते तिला पटलं.

४

गच्चीवर डबे उघडल्यावर तिनं काकांना विचारलं. रागावली नव्हती ती. हसतहसतच म्हणाली की काका, गंमत पुरे झाली, आता ऑडिट तोंडावर आलंय. काकांना कळेना. मग तिनं मोबाईलवर त्या ओळी दाखवल्या आणि म्हणाली, “तुमच्याशिवाय दुसरं कोण लिहिणार हे?”

काकांनी चष्मा लावून ओळी दोनदा वाचल्या. चेहरा उतरला त्यांचा.

“मी तुझ्या मशीनला हात लावेन असं वाटलं तुला?” ते म्हणाले.

भावना गप्प राहिली. नाही म्हणायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळत होतं, पण शब्द फुटला नाही. काकांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच आत होती. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा ‘जय भीम’ म्हणाले, पण ‘पोरी’ म्हणाले नाहीत. ऑडिटच्या आधी सिलिंडरच्या दाबाच्या काट्यांचे आकडे कार्डांवर भरायचे असतात. दरवर्षी काका आत आकडे वाचत आणि भावना उघड्या दारात उभी राहून लिहून घेत असे. यंदा त्यांनी तिला बोलावलं नाही.

५

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एजंटचा रिपोर्ट आला. अकरा वाजायला अजून चाळीस मिनिटं होती. त्याला वेळेआधी रिपोर्ट पाठवायची परवानगीच नव्हती.

भावनानं उघडला. दोनशे चौदा ओळी नव्हत्याच. एकच ओळ होती.

‘२१५. मागची खोली. आत: दोघं. श्वास घेणारा: एक.’

तिनं ती एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचायला ती थांबली नाही. डोकं सांगत होतं की हे खोटं आहे, तू स्वतः पाहिलंयस की हे खोटं असतं, खाली जाशील तर हसं होईल. पाय मात्र जिन्यावर पोचले होते. तळघरात दारापाशी सिक्युरिटीचे हरिदास बसत. तिनं त्यांना विचारलं, तायडे काका कुठायत?

“चाबी तो आधे घंटे पहले ले गए, मॅडम,” हरिदास म्हणाले. “अभी तक लौटाई नहीं.”

भावनानं त्यांच्या टेबलामागचा उभा पंखा उचलला आणि त्यांना वायर घेऊन मागोमाग यायला सांगितलं. तिच्या आवाजात काहीतरी असावं. हरिदास लगेच वायर उचलून निघाले.

६

मागच्या खोलीचं दार मिटलेलं होतं, किल्ली कुलपातच लटकत होती. भावनानं दार ओढलं. आत दिवा चालू होता. तिला आत धावायचं होतं. सगळं अंग पुढे झेपावत होतं. पण काकांचं सांगणं आठवलं आणि तिनं स्वतःला चौकटीला धरून थांबवलं. भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं काढून दारात अडकवलं. हरिदास पंख्याची पिन लावायला प्लग शोधत होते. त्या दहा-बारा सेकंदांत ती दारात उभी होती, आणि तेवढ्यात तिनं जे पाहिलं ते पाहिलं.

काकांचा चष्मा, पेन आणि कार्डं सातव्या सिलिंडरच्या पायाशी जमिनीवर पडली होती. ते तिथेच कोसळले असणार. त्या जागेपासून कोपऱ्यापर्यंत फरशीवरच्या धुळीत दोन समांतर रेघा गेल्या होत्या. टाचा ओढत नेल्यावर उमटतात तशा. रेघांच्या शेवटी खुर्ची होती आणि खुर्चीत काका बसलेले होते.

बेशुद्ध माणूस बसत नाही, ओघळतो. काका ताठ होते. डोळे मिटलेले, ओठ निळसर, हात लोंबत होते. पण मान वर होती. न्हाव्यापुढे बसलेल्या माणसाची असते तशी, हनुवटी उचललेली, तोंड छताकडे. हनुवटीखालची कातडी मधोमध आत दबलेली होती. तिथे काहीच नव्हतं, आणि तरी ती दबलेली होती.

पंखा फिरला. हवेचा झोत आत शिरला, कार्डं भिंतीपर्यंत उडाली. आणि त्याच क्षणी काकांची मान सावकाश खाली आली. धाडकन पडली नाही. झोपलेल्या लेकराचं डोकं उशीवर टेकवावं तशी ती छातीवर टेकली, आणि मग ते खरंच ओघळू लागले.

भावनानं छातीभर श्वास घेतला, रोखला आणि आत गेली. पाठोपाठ हरिदास आले. दोघांनी काखेत हात घालून काकांना बाहेर ओढलं. तळघराच्या पायऱ्यांवर, उन्हाच्या तिरिपेत त्यांना निजवलं तेव्हा काकांच्या घशातून घरघर आली, मग खोकला आला, आणि भावना पायरीवर बसून रडू लागली.

अँब्युलन्स आली, गेली. नंतर ती चष्मा आणायला वर्दळीतून पुन्हा खाली गेली तेव्हा हरिदास दारात उभे राहून फरशीवरच्या त्या दोन रेघांकडे बघत होते. तिची चाहूल लागताच ते वळले. चष्मा तेवढा पुसून तिच्या हातात दिला.

७

सातव्या सिलिंडरची झडप झिजली होती. आठ-दहा दिवसांपासून किंचित गळत असावी, असं दुरुस्तीला आलेल्या माणसानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वायू गुडघाभर साचलेला असणार. जमिनीवर पडून राहिले असते तर दहा मिनिटंसुद्धा पुष्कळ होती. खुर्चीत बसलेले होते म्हणून वाचले.

ऋचा मॅडमनी विचारलं की तुला कळलं कसं. किल्ली परत आली नव्हती, एवढंच भावनानं सांगितलं. मॅडमनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सगळे सिलिंडर दोन दिवसांत मागच्या अंगणात उघड्यावर हलवले गेले. ऑडिटच्या दिवशी रिपोर्टला दोनशे चौदा ओळी होत्या आणि तळाशी शेरा नव्हता. त्या बुधवारी सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान एजंटनं टूलला नेमकं काय विचारलं आणि टूलनं त्याला काय दिलं, हे पाहायला लॉग होता. भावनानं तो उघडला नाही. कामात असं तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं. कुणी जीव वाचवला तर त्याला ओळखपत्र मागायचं नसतं, असं तिला वाटलं.

रविवारी ती आणि धम्मदीप काकांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. गिरिजा काकूंनी दारातच तिला पोटाशी धरलं. काका उशीला टेकून बसले होते, नाकात नळी होती. भावनाला आधी माफी मागायची होती. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती बोलायला लागली तसं काकांनी हातानं थांबवलं.

“ते राहू दे. तू माझी हनुवटी धरून ठेवलीस तेवढा वेळ, ते मला सगळं कळत होतं,” काका म्हणाले. “डोळे उघडत नव्हते. पण हात कळत होता. खूप गार होता बघ तुझा हात. थकली असशील तू. तरी सोडलं नाहीस.”

काकू डोळे पुसत होत्या. धम्मदीपनं भावनाकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. पण एकदा जिथे बोलायला हवं होतं तिथे ती गप्प बसली होती.

“काका, तो माझा हात नव्हता,” ती म्हणाली. “मी आले तेव्हा तुम्ही आधीच बसलेले होतात.”

तिनं सगळं सांगितलं. रेघा, मान, पंख्याचा झोत. काका खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. काकूंनी एकदा त्यांच्या पायांवरचं पांघरूण उगाच नीट केलं. शेवटी काकांनी एवढंच म्हटलं की मग आभार तिथे जाऊन मानायला हवेत.

८

ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कामावर आले, काठी घेऊन. जिन्यात त्यांनी ‘जय भीम, पोरी’ म्हटलं आणि भावनाला वाटलं, दिवस उगवला. दुपारी डबा खाऊन झाल्यावर दोघं खाली गेली.

खोली आता रिकामी होती. भिंतीवर बारा सिलिंडरांचे गोल डाग, कोपऱ्यात ती खुर्ची. नवीन बसवलेला पंखा हवा खेचत होता आणि दार कायमचं उघडं राहील अशी आकडी बसवली होती. काकांनी चपला बाहेर काढल्या. भावनानंही काढल्या. फरशी गार होती, पण नकोशी नव्हती.

काकांनी हात जोडले. मोठ्यानं काही म्हणाले नाहीत. भावनाला वाटलं की तिनं तरी बोलावं. काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं ती म्हणाली, “तुमचे फार उपकार झाले.” तिचे शब्द खोलीत घुमले नाहीत. सिलिंडर तर केव्हाच गेले होते. मानेवर काटा आला तिच्या. पण त्याच वेळी छातीत काहीतरी सैल झालं, बऱ्याच दिवसांचं ओझं उतरावं तसं. तिला पळून जावंसं वाटलं आणि थोडं थांबावंसंही वाटलं. ती थांबली.

मग दोघं निघाली. भावना पुढे होती. ती उंबऱ्याबाहेर चपला पायात सरकवत होती, तेवढ्यात मागे काठी निसटल्याचा आवाज आला. ती गर्रकन वळली.

काठी जमिनीवर पडली होती. काका पडले नव्हते. एक पाय उंबऱ्यावर, दुसरा आत, तोल पार गेलेला, आणि तरी ते उभे होते. त्यांचा उजवा कोपर अंगापासून थोडा वर उचललेला होता. शर्टाची बाही तिथे आत दबली होती, चार ठिकाणी, ओळीनं.

काकांनी दुसरा पाय सावकाश बाहेर ठेवला. बाही सुटली, कापड पुन्हा फुगलं. ते भावनाकडे बघत नव्हते. मान किंचित मागे वळवून, खोलीकडे न पाहता, ते हळू आवाजात म्हणाले,

“राहू द्या आता. पोचलो मी.”

भावनाला ते पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच करत आले होते.